स्वतःच्या हाताने

९ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंनी दाढेपाशी सुई टोचली, "जरा बसा, बधिर झालं की काढू," म्हणाल्या, आणि तेवढ्यात दारात दोन पोलीस आणि परंतुसाहेब. कायदेसचिवांचं हे नाव मी ठेवलेलं आहे, कारण त्यांचं एकही वाक्य 'परंतु'शिवाय पुरं होत नाही. आज मात्र परंतु नव्हता. "मॅडम, राष्ट्राध्यक्ष सकाळी कोसळले. मेंदूत रक्तस्राव. शुद्ध नाही. आपल्याला यावं लागेल."

का, ते मला सांगायची गरज नव्हती. राष्ट्राध्यक्ष असमर्थ झाले तर उपराष्ट्राध्यक्ष. उपराष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला त्याला वर्ष होत आलं, आणि नव्या नावावर दोन्ही पक्षांचं एकमत होईना, म्हणून ती खुर्ची रिकामीच. मग सभागृहाचा सभापती. म्हणजे मी. मला सभापती करताना मात्र दोन्ही पक्षांचं चटकन एकमत झालं होतं. बाई निरुपद्रवी आहे म्हणून.

शपथ घेतली ती बधिर जिभेने. 'संविधानाचं रक्षण' म्हणायला गेले आणि काहीतरी भलतंच बाहेर पडलं. दालनात सगळ्यांना वाटलं बाईंचा गळा दाटून आला. दोघातिघांनी डोळे पुसले. मी ओठांच्या कोपऱ्यातून लाळ पुसत होते.

दाढ तशीच आहे. आता ठणकतेय.

१२ ऑक्टोबर

निवासस्थानी राहायला या, म्हणून मागे लागलेत. ह्यांनी साफ नकार दिला. "राज्य तुझं असेल, गुडघा माझा आहे. तिथे जिने आहेत." गुडघ्याचं ऑपरेशन होऊन दोन महिने झाले, पण व्यायाम करून घेणारी बाई आली की हे लहान मुलासारखे लपायला बघतात. तेव्हा मी संध्याकाळी घरी येते. रक्षकांची तोंडं वाकडी होतात.

दारावरची पाटी रंगवणाऱ्याने विचारलं, 'हंगामी' हा शब्द केवढा लिहू? परंतुसाहेब म्हणाले, बाकीच्या अक्षरांएवढाच. गृहमंत्री म्हणाले, लहान चालेल. हे घरी हसले. "हंगामी म्हणजे भाजीसारखी. लवकर खा, नाहीतर नासते."

राष्ट्राध्यक्षांच्या खुर्चीत मी बसत नाही. उशीला त्यांच्या पाठीचा खड्डा पडलेला आहे. बाहेरच्या खोलीतली सरळ पाठीची खुर्ची आणून घेतली. मी कधीपर्यंत, ते कलमात स्पष्ट आहे. राष्ट्राध्यक्ष 'मी समर्थ आहे' असं स्वतःच्या हाताने लिहून कळवतील तोवर. नाही कळवलं तर नव्वद दिवसांत निवडणूक. तोवर सभापतीचं काम उपसभापतींकडे. ते गृहमंत्र्यांचे सख्खे मेहुणे. त्यांनी पहिलं काम केलं ते सभागृहाची सुट्टी वाढवण्याचं. दुःखाचा काळ आहे म्हणे.

१६ ऑक्टोबर

बंदरातल्या कामगारांचा संप चिघळला. तेलाची जहाजं बाहेर खोळंबलीत. इस्पितळांच्या जनरेटरला तेल पुरणार नाही, असं सगळे सांगतात. काल बंदराच्या दारात दगडफेक झाली, एक शिपाई गेला.

गृहमंत्री कागद घेऊन आले. ह्यांनी त्यांचं नाव 'कडक इस्त्री' ठेवलंय. भर दुपारीसुद्धा माणसाच्या बाहीला चुणी नाही. बोलणं मात्र मऊ.

"आणीबाणी फक्त तीस दिवस, मॅडम. संप मिटला की आपोआप संपेल."

मी वाचलं. सभाबंदी. वर्तमानपत्रं छापण्याआधी तपासणार. खटल्याशिवाय अटक.

"अटक कुणाला?"

"चिथावणारे असतात ना. मोजके."

"आणि सभागृहाची मंजुरी?"

"तीस दिवसांच्या पुढे न्यायची असेल तरच लागते. परंतु..." हे परंतुसाहेब. "परंतु सभागृह सुट्टीवर असेल, तर मुदतवाढ राष्ट्राध्यक्षांच्या सहीनेही होते. आणखी एक. हंगामी राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी लावता येते. उठवायची झाली तर मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला लागतो."

"म्हणजे कुलूप मी लावायचं आणि किल्ली तुमच्याकडे?"

कडक इस्त्री हसले. "आपण एकत्रच आहोत ना, मॅडम." मग म्हणाले की बालविभागात काचेच्या पेट्यांत पोरं आहेत, आणि तिथला जनरेटर उद्यापर्यंतच चालेल.

सही केली. यात चूक काय, हे मला दिवसभर शोधूनही सापडलं नाही.

१९ ऑक्टोबर

रविवार. लेक जेवायला आली नाही. परीक्षेचे पेपर असतील तपासायचे. रस्ता इतका शांत की समोरचं शटर वर गेलं तर आपल्याच घरात भांडं पडलंसं वाटलं. दुपारी गाढ झोपले. फार दिवसांनी.

२४ ऑक्टोबर

मोठ्या इस्पितळात गेले होते. आत सोडलं नाही, जंतुसंसर्गाची भीती. बुलेटिनमध्ये रोज तेच येतं: प्रकृतीत फरक नाही. वहिनी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी, बाहेर बाकावर भेटल्या. मला वाटलं होतं खचलेल्या असतील. पण केस नीट विंचरलेले, धुतलेली साडी. बाजूला गृहखात्याचा एक अधिकारी उभा, हलायचं नाव नाही.

वहिनींनी माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. म्हणाल्या, "ताई, तुमचा चष्मा कोण करून देतं? ह्यांचा त्या दिवशी पडला तेव्हा फुटला. नवा करायला टाकायचाय."

मी दुकान सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "लवकर करून देतात ना?" आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

गाडीत मला भरून आलं. बिचारी. बेशुद्ध माणसासाठी चष्मा करायला निघाली आहे. आशा माणसाला कुठे कुठे नेते.

२ नोव्हेंबर

लेक आली. बसली नाही.

"आई, आमच्या इतिहासाच्या बाईंना नेलं. परवा, वर्गातून."

तिच्या कॉलेजात त्या तिच्याहून वरच्या. साठीला आलेल्या, मी एकदोनदा भेटलेय. बंदरकामगारांच्या बायका कॉलेजच्या अंगणात जमल्या होत्या, त्यांना यांनी एक कलम वाचून दाखवलं. कुठलं कलम? तर सभाबंदीचं. त्यात काय लिहिलंय हे कळायला नको का, म्हणून.

"चौकशी करते," मी म्हणाले.

"चौकशी नको करूस. सोडव."

"अगं, असं एका माणसासाठी मी..."

"एका माणसाने सही केली होती ना?"

हे मध्ये पडले, चहा घे म्हणाले. तिने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला, बरं आहे ना विचारलं, आणि गेली. माझ्यावर रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

कडक इस्त्रींना फोन केला. "तपास चालू आहे, मॅडम. आठवडाभरात बघतो." फार अदबीने बोलले.

व्यायामवाली बाई आज तासभर उशिरा आली. तिला आता मोठ्या इस्पितळात पाचव्या मजल्यावर कुणी बडा पेशंट मिळालाय, सकाळ तिथेच जाते. ह्यांना टोचून बोलत होती, "तुमच्यापेक्षा ते बरे. उजवं अंग गेलंय, तरी डाव्या हाताने चेंडू दाबून दाबून मला कंटाळा आणतात. आणि तुम्ही एक गुडघा वाकवत नाही." कोण पेशंट, विचारलं तर जीभ चावली. सांगायची बंदी आहे म्हणे. श्रीमंतांचे चोचले. मी तिला म्हटलं, वेळ पाळायची नसेल तर दुसरी बघू. हे माझ्याकडे बघत राहिले.

६ नोव्हेंबर

दाढ शेवटी काढली. संप मिटला, अशी बातमी आज आली. बातम्या आता तपासूनच येतात, तेव्हा मिटला असेल.

११ नोव्हेंबर

मुदतवाढीचा कागद. साठ दिवस.

"संप मिटला ना?" मी विचारलं.

"मिटवलाय, मॅडम. मिटला आणि मिटवला यात फरक असतो. झाकण काढलं की परत उतू जाईल."

"मग निवडणूक?"

उत्तर परंतुसाहेबांनी दिलं, खाली बघत. "आणीबाणीत निवडणूक घेता येत नाही. परंतु नव्वद दिवसांची अट तोवर स्थगित राहते."

"म्हणजे मी इथेच?"

"देशाला आपली सवय झालीय," कडक इस्त्री म्हणाले. "खरं सांगू? आपण आल्यापासून या दालनात आवाज चढलेला नाही. त्यांच्या वेळी पेपरवेट उडायचे."

खोटं कशाला लिहू, ऐकून बरं वाटलं. आणि थकले होते. सकाळपासून अकरा माणसं भेटून गेली होती, प्रत्येकाच्या हातात कागद, प्रत्येकाला आजच हवं. नाही म्हणायला ताकद लागते. हो म्हणायला नुसतं पेन. इतिहासाच्या बाईंचं विचारलं. "उद्याच बघतो," म्हणाले. मी सही केली.

आज पहिल्यांदाच लक्षात आलं की मी त्यांच्या खुर्चीत बसले होते. कधीपासून, कोण जाणे. सरळ पाठीच्या खुर्चीने कंबर दुखते.

१२ नोव्हेंबर

सकाळी हे चहाचा कप तसाच ठेवून म्हणाले, "मला काही बोलायचंय, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस."

मग त्यांनी मांडलं. मोठ्या इस्पितळाचा पाचवा मजला रिकामा करून तिथे एकच माणूस ठेवलाय, हे मीच त्यांना सांगितलं होतं. व्यायामवाली रोज पाचव्या मजल्यावर जाते. चेंडू दाबणारा पेशंट बेशुद्ध नसतो. आणि वहिनींना चष्मा हवा होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"व्यायामवाली चेंडूचं बोलली, त्याच रविवारी. वाटलं, तुला आपोआप कळेल. वाट पाहिली. काल सही करून आलीस, तेव्हा कळलं की वाट पाहण्यात अर्थ नाही."

"मला खरंच लक्षात आलं नाही हो."

"आलं नाही, की येऊ दिलं नाहीस?"

हे असं कधी बोलत नाहीत. चाळीस वर्षांत फार तर दोनदा. मी उठून तोंड धुतलं. त्याचं उत्तर इथेही लिहिता येत नाहीये.

१३ नोव्हेंबर

सकाळी दहाला इस्पितळात गेले, कुणाला न कळवता. पाचव्या मजल्यावर तोच अधिकारी आडवा आला. "हुकूम आहे, मॅडम. कुणालाही नाही."

"कोणत्या कायद्याखाली?"

"आणीबाणीच्या."

"त्यावर सही कुणाची आहे?"

मी त्याच्या बाजूने आत गेले. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला. बाईमाणसाला ढकलायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नसावं.

ते खिडकीपाशी खुर्चीत होते. नवा चष्मा. चेहरा एका बाजूने ओघळलेला, निम्म्याने वजन गेलेलं. मला बघून रडायला लागले, आणि रडताना हसले. वहिनी म्हणाल्या, "किती उशीर केलात, ताई." त्यात आरोप नव्हता, म्हणूनच लागलं.

तीन आठवड्यांपूर्वीच शुद्धीवर आले. कळतं सगळं. शब्द सापडत नाहीत. पेला मागायचा तर दार म्हणतात, आणि मग स्वतःवरच चिडतात. वहिनींनी पत्र लिहिलं की गृहखात्याचा माणूस ते घेऊन जातो, पोचत कुठेच नाही. डॉक्टरांना सांगून ठेवलंय की बुलेटिन वरून येईल.

मी त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसले. काय झालं, काय केलं, सगळं सांगितलं. परवाची मुदतवाढसुद्धा. ऐकता ऐकता त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. पेपरवेट असता तर उडाला असता. मग त्यांनी तोंड उघडलं, खूप वेळ झगडले, आणि म्हणाले, "सभा."

"सभा घ्यायची?"

जोरजोरात मान हलवली. नाही. "सभा. गृह."

सभागृह. बोलावायचा अधिकार फक्त सभापतीचा. आणि मी सभापती होऊ शकते ती एकाच वाटेने. मी राजीनामा दिला तर पाळी ज्येष्ठ मंत्र्याची, म्हणजे कडक इस्त्रीची. पण राष्ट्राध्यक्ष परत आले, तर मी पुन्हा सभापतीच्या घंटेपाशी.

"साहेब, झेपेल?" मी विचारलं. खरं तर झेपणार नाही हे तिघांनाही दिसत होतं.

त्यांनी वहिनींकडे बघून बोट दाखवलं. वहिनींनी पाटीवर कागद लावून दिला. डाव्या हाताने त्यांनी लिहायला घेतलं. बालवाडीतल्या पोरासारखं, जीभ बाहेर काढून. 'समर्थ' शब्दावर पेन थांबलं. बराच वेळ थांबलं. मी दुसरीकडे बघितलं. मग पुढे गेलं.

१४ नोव्हेंबर

काल संध्याकाळी परंतुसाहेबांकडे नोंदवलेला कागद मी मंत्रिमंडळाच्या बैठकीत ठेवला. कडक इस्त्रींनी तो उचलून उजेडात धरला.

"हे काय आहे?"

"तुम्ही वाचू शकता."

"हे त्यांचं अक्षर नाही. आमच्याकडे नमुना आहे. कलम म्हणतं, स्वतःच्या हाताने. कुणी लहान मुलाकडून लिहून घेतलंय, मॅडम. आणि आजारी माणसाला असं वापरणं..." आवाज अजून मऊच होता. "आपण दमला आहात. काही दिवस विश्रांती घ्या. मी सांभाळतो."

टेबलाभोवतीचे सगळे नखं, पेनं, छत बघत होते. मी परंतुसाहेबांकडे वळले. मला त्यांच्याकडून काडीची आशा नव्हती. पाठीचा कणा नसलेला माणूस, असं मी ह्यांना कितीदा म्हटलं असेन.

"कायदेसचिव, तुमचं मत?"

ते उभे राहिले. चष्मा पुसला. पुन्हा पुसला. "गृहमंत्री म्हणतात ते बरोबर आहे. हे नमुन्यातलं अक्षर नाही."

कडक इस्त्रींनी कागद खाली ठेवला.

"परंतु," ते म्हणाले, "कलमात 'स्वतःच्या हाताने' एवढंच आहे. कोणत्या हाताने, ते लिहिलेलं नाही. लिहिलं कुणी, ते पाहायचं असेल तर राष्ट्राध्यक्ष खाली गाडीत आहेत. पुन्हा लिहून दाखवायला तयार आहेत."

ही गाडी कुणी आणली होती, मला ठाऊक नव्हतं. त्यांनीच, सकाळी, स्वतः जाऊन, पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्याला कलम वाचून दाखवून.

कुणी खाली गेलं नाही. जायची गरज उरली नव्हती. मी उठले, आणि त्या क्षणापासून पुन्हा सभापती. जिन्यात परंतुसाहेब भिंतीला धरून उभे होते, घामाने शर्ट भिजलेला. मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाले, "मॅडम, आता काही विचारू नका, परंतु मला जरा बसू द्या."

२१ नोव्हेंबर

सभागृह भरलं. दोन दिवस वाद. मी घंटा वाजवत होते आणि शिव्या खात होते, दोन्ही बाजूंच्या. एका बाजूने विचारलं, सही केलीत कशाला? दुसरीने विचारलं, मग उलटलात कशाला? सभापतीने बोलायचं नसतं, पण उत्तर देणं भाग होतं. "सही माझी. दोन्ही वेळा. कुणी हात धरून करून घेतली नाही." खाली बसले तेव्हा टाळी पडली नाही, आणि ते बरंच झालं.

आणीबाणी नऊ मतांनी पडली. गृहमंत्र्यांच्याच पक्षातले काही त्या वेळी चहाला बाहेर गेले होते. शूर म्हणवत नाही, पण उपकार झाले. मग उपराष्ट्राध्यक्ष निवडले. वर्षभर जमलं नाही ते दुपारच्या जेवणाआधी जमलं. चार वाजता वहिनींनी चाकाची खुर्ची आत ढकलत आणली आणि राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा माझ्या हातात दिला. त्याही कागदावर डाव्या हाताचं तेच वेडंवाकडं अक्षर. माझी बोटं धरून काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं ते 'दार'. पेला हवा असेल म्हणून मी पाणी मागवलं. त्यांनी ते प्यायलं.

७ डिसेंबर

मला सभापतिपदावरून काढायचा ठराव एकमताने झाला. माझ्या नावावर दोन्ही पक्षांचं एकमत व्हायची ही दुसरी वेळ. सध्या घरी आहे. नुसती बसलेली असते. झोप येत नाही, आणि जागंही राहवत नाही.

आज लेक आली, आणि बरोबर इतिहासाच्या बाई. परवा सुटल्या. केस पुरते पांढरे झालेत, हाताला खरूज. मी उठले, बसा म्हणाले.

त्याच म्हणाल्या, "तुमची सही सुरेख आहे. अटकेच्या कागदावर छापलेली होती. आतल्या बायकांत वाचता येणाऱ्या थोड्या. बाकीच्यांना मी तीच दाखवून अक्षरं शिकवली. दुसरा कागद नव्हता."

ह्यांनी मान खाली घातली. लेक माझ्याकडे बघत होती. मी "माफ करा" म्हणाले. फार छोटा शब्द आहे.

"ते राहू दे," बाई म्हणाल्या. "मी कामाला आलेय. आणीबाणी उठली म्हणून सगळ्या सुटल्या असं नाही. प्रत्येकीच्या सुटकेचा वेगळा हुकूम लागतो, आणि ज्यांच्या मागे कुणी नाही त्यांचे निघत नाहीत. माझ्या शेजारी एक झोपायची, क्रेनवाल्याची बायको. तान्हं पोर बाहेर ठेवून आलीय. कुणी तिचं नावच घेत नाही. पकडायला सगळं खातं धावलं होतं."

"पण मी आता कुणीच नाही," मी म्हणाले.

"मीही नाही. सकाळी आठला तुरुंगाच्या दारात रांग लागते. बसायला जागा नसते. येताय का, तेवढं सांगा."

लेकीने माझ्या उत्तराची वाट बघितली नाही. आत जाऊन तिने माझे जाड तळव्याचे बूट बाहेर आणून ठेवले.

उद्या आठला.